अख्ख्या शेपटीचं पाकट

मुंबईहून आलेलं ते पत्र मी म्हाताऱ्या भोयाला वाचून दाखवायला नको होतं. पण माझं डोकं फिरलं होतं, आणि डोकं फिरलं की कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नसे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी महाडच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. हा भोई सावित्री नदीच्या एका डोहात, वर पोलादपूरच्या बाजूला, जाळं टाकायचा. तिथे त्याला पाकट मिळालं, परातीएवढा चपटा समुद्राचा मासा. भरतीचं पाणी महाडपर्यंत येतं. डोह तिथून कितीतरी वर, गोड्या पाण्याचा. भोयांना पाच-सात वर्षांनी असं एखादं मिळायचंच. त्यांना ते नवं नव्हतं, पुस्तकांना नवं होतं. मी मापं घेतली, चित्र काढलं आणि मुंबईच्या एका तज्ज्ञांना पाठवलं. उत्तर तीन ओळींचं आलं. शेपटीशिवाय जात ठरत नाही. मासा बहुधा बंदरावरून आणलेला असावा. मासेमाराने आपल्याला फसवले आहे.

शेपूट नव्हतीच. पाकट जाळ्यात आलं की भोई आधी शेपूट तोडतात, कारण तिच्यावर विषारी काटा असतो. मग ती वाळूत खोल पुरून वर धोंडा ठेवतात, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

"मी खोटारडा हाय असं लिवलंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग अख्खं आनतो."

मी त्याला तिथेच अडवायला हवं होतं. उलट म्हणालो, "काका, शेपटीला कोयता तेवढा लावू नका."

पुढच्या चैत्रात एका सकाळी त्याची बायको एसटीने शाळेत आली. "मास्तर, चला. मासा गावलाय. पन ह्यांना काटा लागलाय."

डोहावर पोचलो तेव्हा तो कातळाला टेकून बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झालेला, दात ओठात रुतलेले. शेजारच्या खळग्यात पाकट जिवंत होतं आणि शेपूट आपटत होतं. गाडीवानाने बैल जुंपून ठेवले होते. महाडचा दवाखाना गाठायला संध्याकाळ होणार होती.

"आधी मोजा," तो म्हणाला. "नायतर परत खोटा ठरीन."

आणि मी मोजलं. रुंदी, लांबी, शेपूट, काटा. शेपूट दोनदा मोजली, कारण मला आकडा पक्का हवा होता. त्याची बायको माशाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या दुसऱ्या मापाची मला आजही लाज वाटते.

पाच दिवस तो तापाने फणफणत होता. मी शाळा सुटली की दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आत जायची भीती वाटायची. जीव वाचला, पण पाय आखडला तो आखडलाच. त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही.

नवी मापं मी मुंबईला पाठवली. दीडेक वर्षाने तिथून छापील टिपण आलं, इंग्रजीत, अर्ध्या पानाचं. नदीचं नाव, मापं, 'शेपूट अखंड' आणि खाली माझं नाव. मी ते घेऊन त्याच्या घरी गेलो.

"माझं काय लिवलंय त्यात?" त्याने विचारलं.

त्याचं काहीच नव्हतं. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "या भोयाने सांगितलं ते खरं निघालं. तो खोटं बोलला नव्हता."

त्याचा चेहरा सैल झाला. त्याने आत असलेल्या बायकोला हाक मारली. "गो, हितं ये. मास्तर, हिलापन वाचून दाखवा."

मी पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हा भोई सच्चा माणूस आहे," मी वाचलं, "त्याच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. तो मात्र बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "मघाशी तुमी येगळं वाचलंत."