मंगलची बिनसाखरेची कॉफी

पानशेत धरणाच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच मंगल आणि सोमनाथचं पत्र्याच्या शेडमधलं हॉटेल आहे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मिसळ तिथं मिळते, तशी ती शेजारच्या हॉटेलांतही मिळते. पण शनिवार-रविवारी पुण्याची माणसं गाडी नेमकी तिथंच लावत, ती मंगलच्या कॉफीसाठी. आटवलेलं दूध, सढळ हातानं घातलेली साखर आणि उतरवताना वरून किसलेलं जायफळ.

ही कॉफी काही तिच्या माहेरची नव्हे. वेल्ह्याच्या डोंगरातलं पासली हे तिचं गाव. तिथं भाताची खाचरं आणि घरात गुळाचा कोरा चहा. लग्न होऊन पानशेतला आल्यावर ती पुणेकरांच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. तिथल्या मालकीणबाईंनी तिला कॉफी शिकवली आणि तिथंच तिला तिची गोडी लागली. पुढं स्वतःचं हॉटेल झालं, तसा धरबंध राहिला नाही. पातेलं उतरलं की चव बघायला अर्धा कप, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की त्याच्याबरोबर अर्धा कप, आणि दमल्यावर सावकाश बसून एक भरलेला. जेवायला सवड नसायची, कॉफीला असायची. बघता बघता अंग सुटलं. साखरेचा आजार जडला, गुडघे गेले, चार पावलं टाकली की धाप लागायला लागली. लोक म्हणायचे, हॉटेलवाली आहे, खात्यापित्या घरची. तीही हसायची.

ते हसणं तिचे वडील गेनबा वारले त्या दिवशी संपलं. पासलीचं घर रस्त्यापासून वर, चढावर आहे. टेम्पो खाली थांबला आणि मंगलला चढण चढता येईना. थोडी चढली, बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. भावकीतले दोघं म्हणाले, झोळी करून नेतो. तिनं नको म्हटलं. वडिलांची तिरडी घेऊन लोक खाली आले, तेव्हा ती बांधावरच बसलेली होती. तिच्यासाठी त्यांनी ती क्षणभर खाली केली. तिनं वडिलांच्या पायाला हात लावला आणि माणसं पुढं गेली.

साखरेच्या डॉक्टरांनी मागंच ऑपरेशनचं सुचवलं होतं. आता तिनं स्वतःहून विचारलं. पोटाची थोडीशीच पिशवी वेगळी करायची आणि आतडं तिला जोडायचं, असं ते बायपासचं ऑपरेशन. गावात बायपास म्हटलं की बायाबापड्या हृदयाचंच समजून छातीला हात लावून हळहळायच्या. सोमनाथला ते मुळीच पटलं नव्हतं. धडधाकट पोट कापायचं कशापाई, बाईमाणूस टेबलावरच राहिलं तर काय करायचं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तरी सही त्यानंच केली आणि तीन रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून काढल्या.

घरी आली ती वाटीनं पाणी पिणारी मंगल. घोट घेतला की थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर उलटी. पुढं पातळ वरण, ताक, गिच्च शिजवलेलं मऊ अन्न. वजन उतरत गेलं, बांगड्या सैल झाल्या, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या शेफाली मॅडम फोनवर सगळं विचारून घेत. त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. कॉफी इतक्यात नको, मी सांगेन तेव्हाच. आणि पूर्वीसारखी साखरेची तर कधीच नाही.

हॉटेलात आता कॉफी तिची धाकटी जाऊ नूतन करायची. सवयीनं चमचा पुढं करायची, "आक्का, जरा बघता?" म्हणायची आणि जीभ चावून मागं घ्यायची. सोमनाथनं कॉफीचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता. कुणी बोलत नव्हतं, पण मंगल चुलीजवळ गेली की चार डोळे तिच्या हातावर असत. तिला ते जाचायचं. दूध आटल्याचा वास आला की ती मुद्दाम भांडी घासायला मागं जायची.

एका शनिवारी हॉटेल खच्चून भरलं होतं. कितीतरी वर्षं येणाऱ्या एका जोडप्यानं कप अर्धेच ठेवले. जाताना ते गृहस्थ सोमनाथला म्हणाले, वहिनींच्या हातची राहिली नाही हो कॉफी. नूतनचा चेहरा उतरला. मंगल उठली, पातेलं आपल्याकडं ओढलं आणि नवीन दूध चढवलं. वरच्या फळीवरचा डबा काढून कॉफी घातली, साखर घातली, जायफळ किसलं. चव बघायला चमचा जिभेला लावला. मग तिला आवरलं नाही. पेला भरला, मागं पाण्याच्या पिंपाआड गेली आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला.

क्षणभर जिवाला असं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. आणि मग पोटात पीळ पडला. छाती धाडधाड उडायला लागली, कानशिलावरून घाम निथळला, हात कापायला लागले. तिनं पिंपाची कड धरली, तीही हातातून सुटली. आतला जोड सुटला, हेच तिच्या मनात आलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तसं झालं तर जिवावर बेततं. पेला खाली पडला आणि ती तिथंच बसली.

भांडं पडल्याचा आवाज ऐकून सोमनाथ आला. पूर्वी गोळ्यांनी तिची साखर उतरायची, तेव्हा असाच घाम यायचा, असाच थरकाप व्हायचा. त्यानं विचार केला नाही. पेलाभर पाण्यात साखर ढवळली आणि तिच्या तोंडाला लावली. मंगलनं दात घट्ट मिटून घेतले. तो म्हणत होता, तोंड उघड, साखर पडलीया तुजी. ती मान हलवत होती. त्याचा एक हात तिच्या हनुवटीवर होता आणि त्या हाताला जोर होता, भ्यालेल्या माणसाचा.

नूतननं तोवर शेफाली मॅडमना फोन लावून काय होतंय ते सांगितलं होतं. तिनं मोबाईल मंगलच्या तोंडाशी धरला. मॅडमनी पहिल्यांदा तेच विचारलं, काय घेतलं होतं?

"ताक," मंगल म्हणाली.

मॅडम सावकाश म्हणाल्या, "मंगलताई, ताकानं असं होत नाही. तुम्ही खरं सांगितलं नाहीत, तर जोड सुटलाय असंच मला धरावं लागेल आणि आत्ता निघा म्हणावं लागेल. काय घेतलंत?"

सोमनाथ साखरेचं पाणी हातात धरून समोर बसलेला होता. शेडच्या त्या बाजूला कुणीतरी भजी मागत होतं. मंगलनं डोळे मिटले.

"कॉफी. साखरंची. पेलाभर, एका दमात."

सोमनाथचा हात खाली आला.

मॅडमनी भराभर विचारलं. पोट सारखं दुखतंय का, खांद्यात कळ येते का, ताप आहे का. आडवं झोपवा, पाय वर करा, बोटातून रक्त काढून यंत्रावर साखर बघा. नूतननं पाहिली. साखर पडली नव्हती, उलट चढलेली होती. गोड काहीच पाजू नका, मॅडम म्हणाल्या. एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की असंच होतं, थोड्या वेळानं ओसरेल. दुखणं वाढलं किंवा ओसरलं नाही, तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

ते थांबणं फार वाईट होतं. पुण्याकडं जायचं म्हटलं तरी खडकवासल्यापर्यंत गाडीला गाडी लागलेली असणार, हे तिघांनाही माहीत होतं. सोमनाथनं साखरेचं पाणी बाहेर ओतलं आणि टेम्पो रस्त्याकडं तोंड करून लावला. नूतन चुलीवर होती, पण दर थोड्या वेळानं डोकावत होती. मंगल छपराच्या पत्र्याकडं बघत छातीची धडधड ऐकत राहिली. हळूहळू ती मंदावली. घाम सुकला. मग जी ग्लानी आली, ती संध्याकाळपर्यंत टिकली. त्या दिवशी हॉटेल लवकर बंद झालं.

सोमवारी दवाखान्यात तपासून झालं. जोड शाबूत होता. शेफाली मॅडम रागावल्या आणि मग म्हणाल्या, कॉफी कायमची तोडली नाहीये मी, जरा दम धरा.

ती परवानगी दिवाळीनंतर आली. छोटा कप, साखर नाही, दूध नावाला. रिकाम्या पोटी नाही, जेवताना नाही. बसून, घोट घोट.

मंगलनं आडवारी सकाळचा वेळ निवडला. गिऱ्हाईक नव्हतं. सोमनाथ म्हणाला, "आता त्याच्यावाचून काय आडलंय तुजं?"

"आडलं काय न्हाई," ती म्हणाली. "पर रोज माज्या हातानं दुसऱ्यांस्नी देती आन रोज त्या पेल्याला भ्याती. माजं मलाच भ्या वाटतंय. असं किती दिस काढायचं?"

तो उठला. साखर मोजायचं यंत्र आणून तिच्यासमोर ठेवलं, टेम्पोची किल्ली हातात घेतली आणि खांबाला टेकून उभा राहिला. नूतननं कॉफी केली.

पहिला घोट मंगलनं तोंडात धरला आणि मग उतरू दिला. कडू होता. तिनं कप खाली ठेवला आणि वाट बघत बसली. छातीत धडधड सुरू झाली, तशी तिनं बाकाची कड धरली. ही कॉफीची का भीतीची, तिला कळेना. सोमनाथ एक पाऊल पुढं आला. तिनं हातानंच थांब म्हटलं. समोरच्या रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज वळणापलीकडं विरला. पोटात काही हललं नाही. घाम नव्हता. तिनं दुसरा घोट घेतला. त्याच्यानंतरही ती तशीच बसली.

निम्मी कॉफी उरून निवली, तेव्हा तिनं कप सरकवला.

"कशी लागली?" नूतननं विचारलं.

"न्हाई आवडली," मंगल म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "उद्या जरा दूध जास्ती घाल."

सोमनाथनं किल्ली खिशात टाकली, पण तिथून हलला नाही.

आता सकाळी एक छोटा कप असतो. गिऱ्हाइकांच्या कॉफीची चव नूतन बघते. साखरही स्वतःच्या अंदाजानं घालते आणि मंगल मधे पडत नाही. जुनी काही माणसं येईनाशी झाली, काही नवी येतात. कधी मंगलचा घोट घाईनं जातो, छाती उडते आणि तो शनिवार डोळ्यांपुढं येतो. मग ती कप ठेवते, हात मांडीवर घेते आणि ओसरेपर्यंत गप्प बसून राहते.