नऊ नंबरचा डावा बूट

बुटांच्या दुकानात सत्तावीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून मावशींना एक कळलं होतं: माणूस तोंडाने काहीही सांगो, अंगठा खोटं बोलत नाही. मावशी हे त्यांचं दुकानातलं नाव. घरी त्या दोन मुलींची आई आणि एका अबोल घड्याळजीची बायको.

एके दिवशी कुबड्या घेऊन एक माणूस आला. पूर्वी बस चालवायचा, अपघातात डावा पाय गेलेला. नऊ नंबरचा काळा बूट त्याला आवडला.

"उजवाच द्या. अर्धे पैसे घ्या."

"जोड फोडत नाही आम्ही," मालक गल्ल्यावरून म्हणाला. "उरलेल्याचं काय लोणचं घालू?"

ड्रायव्हरने पूर्ण पैसे दिले, उजवा बूट घातला आणि डावा काउंटरवर ठेवला. "घरी असे चार पडलेत. हा तुम्हालाच राहू द्या."

मावशींच्या जिवाला ते लागलं. नुसता डावा बूट हवा असलेला माणूसही कुठेतरी असणारच की! तोही असाच दुप्पट पैसे भरत असेल. दोघं एकमेकांच्या उपयोगाचे, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

त्यांनी ड्रायव्हरचा पत्ता लिहून घेतला आणि घड्याळजीकडून सुबक अक्षरात पाटी करून काचेत लावली: 'एकट्या बुटाला जोडीदार शोधून देऊ.' 'बुटाला' जरा बारीक पडलं. आठवड्याभरात एक बाई भाच्याचा फोटो घेऊन हजर.

"मुलगा निर्व्यसनी आहे हो."

"ते ठीक, पण पाय केवढा?" मावशींनी विचारलं. बाई तणतणत निघून गेल्या.

त्यानंतर डाव्या बुटाचं एक गिऱ्हाईक आलं, पण आठ नंबरचं. मग एक नऊचा मिळाला, तर त्याला फक्त सँडल हवे. "घ्या चालवून काहीतरी," मालक म्हणायचा. मावशींनी मनाशी ठरवलं होतं: रंगात, घाटात तडजोड होईल, नंबरात नाही. चावणारा बूट फुकट मिळाला तरी महागच.

चौदा महिन्यांनी एक निवृत्त गणित मास्तर आले. उजवा पाय नाही. डावा चोख नऊ नंबरचा. मावशींनी ताबडतोब ड्रायव्हरला बोलावलं. दोघं शेजारीशेजारी बसले आणि पाच मिनिटांत भांडले. एकाला नाडीचेच बूट हवे, दुसऱ्याला नाडीचा तिटकारा.

"अहो, लग्न नाही लावत तुमचं!" मावशी कडाडल्या. "एक जोड यांच्या पसंतीचा, पुढचा त्यांच्या. पैसे निम्मे निम्मे."

ड्रायव्हर आधी हसला. मग मास्तरही. पहिला जोड नाडीचाच गेला. ड्रायव्हरने ठेवून गेलेला काळा डावा बूट मावशींनी मास्तरांना वर तसाच दिला.

मास्तरांनी ही गोष्ट गावभर केली. परगावाहून पत्रं येऊ लागली, वहीतली नावं शंभरावर गेली. पहिली जोडी जुळायला चौदा महिने लागले होते, आता आठवड्यात जुळायची.

"नावं वाढली की वाट बघणं घटतं," मास्तर फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे सांगत. "बाजार म्हणजे तरी काय, मावशी? शोधणाऱ्यांना भेटायची जागा."

मालक उदार नव्हता, पण आंधळाही नव्हता. एका बुटासाठी लांबून येणारा माणूस घरच्यांसाठी तीन जोड घेऊन जातो, हे त्याने पाहिलं. मग जोडीदाराची वाट न पाहता तो स्वतःच अर्ध्या किमतीत एकटा बूट देऊ लागला. उरलेला फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "येईल याचा धनी."

बहुतेकांचे आले. बारा नंबरचा एक तपकिरी उजवा मात्र तीन वर्षं पडून आहे. मालक म्हणतो, टाकून द्या. मावशी रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवतात आणि दारातून कुणी आत आलं, की चेहऱ्याआधी पाय बघतात.