दोन बोटांचा निवाडा

बुधवारी सकाळी मुकबिलकाका माझ्या दातांच्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं नाही, तर दोन गावांत गोळ्या सुटणार होत्या.

काका पंप दुरुस्त करायचे. हज्जाकडच्या आमच्या डोंगरात विहिरीवरचा एकही पंप असा नसेल, ज्याच्या पोटात त्यांचा हात गेला नाही. ते शेख नव्हते, काझी नव्हते. कुणाच्याच घरचे मिंधे नाहीत, म्हणून लोक आपली भांडणं त्यांच्याकडे आणायचे. या वेळचं भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं होतं. वरच्या बैत रुझैक गावातल्या एका पोराच्या मांडीत खालच्या अल-महजरच्या माणसाची गोळी गेली होती. निवाडा होईपर्यंत शांतता, या बोलीवर दोन्ही गावांनी पाच-पाच बंदुका काकांच्या हवाली केल्या होत्या. बोलीची मुदत गुरुवारी सूर्यास्ताला संपत होती.

"तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला," मी म्हटलं.

दोनच गेली, तीही कशीबशी. उघडताना हनुवटी डावीकडे कलली. मी त्यांच्या कानांपुढे बोटं टेकवली.

"इथं आधी टक वाजायचं?"

"वर्षभर वाजलं. शुक्रवारी थांबलं. मला वाटलं, बरं झालं."

"बरं नाही झालं काका, अडकलंय."

"याच दुखण्यापायी गेल्या वर्षी एक दाढ काढून टाकली मी."

"ती चांगली होती. दुखत होता सांधा."

सोबत आलेल्या हूरियाकाकू इतका वेळ गप्प होत्या. आता त्यांनी संधी साधली. "रात्री दात खातात हे. जात्यावर ज्वारी भरडावी तसा आवाज येतो. मी मुलीच्या खोलीत जाऊन निजते."

"माझ्या दुखण्याचं कुणाला काही नाही, हिला झोपेचं पडलंय," काका मिटल्या दातांतून बोलले.

मी कागदावर सांधा काढून दाखवला. दोन हाडांच्या मधे एक चकती असते, पंपातल्या वॉशरसारखी. ती पुढे सरकली होती. तोंड उघडताना हाड तिच्यावर येऊन अडत होतं.

"मग ढकल मागे."

"अडकलेला पंप तुम्ही हातोडीनं उघडता का?"

काकूंना हसू आवरेना. "काल चमच्यानं उघडत बसले होते!"

मग मी सगळं समजावलं. गरम फडक्याचा शेक, सकाळ-संध्याकाळ. असीद म्हणजे पिठाची घट्ट लापशी, शोरबा, मऊच खायचं. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. दुखणार नाही इतपतच तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम. जरा उघडायला लागलं की मी साचा घेऊन रात्री दातांवर बसवायची पट्टी करून देणार होतो. आणि दिवसभर एकच नियम: ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ टाळूला.

"दात सुटलेले म्हणजे?"

"वरखालचे दात चावताना-गिळताना एकमेकांना लागतात. एरवी लागायला नकोत. तुम्ही एरवी काय करता?"

काकांनी विचार केला. "लोकांची भांडणं ऐकतो."

"तेव्हा दात आवळता."

"आवळले नाहीत तर मधेच बोलेन ना मी!"

"आणि सहा आठवडे पाला बंद."

यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कात नावाच्या झुडपाचा कोवळा, तरतरी आणणारा पाला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत गालात धरून बसल्याशिवाय आमच्याकडे साधं लग्नसुद्धा ठरत नाही. मध्यस्थाला तर पक्षकार स्वतःच्या हातानं पाला देतात, आणि तो त्यानं खायचाच असतो.

"गेल्या गुरुवारी मी गालिबचा पाला खाल्ला," काका म्हणाले. गालिब म्हणजे वरच्या गावचा शेख. "चार तास. उद्या नाजीची पाळी." नाजी खालच्या गावचा म्होरक्या. "गालिबचा खाल्ला आणि नाजीचा नाही, तर माझा निवाडा कोण ऐकेल?"

"खाल्लात तर संध्याकाळपर्यंत दोन बोटंही जाणार नाहीत. निवाडा कुठल्या तोंडानं सांगाल?"

त्यांनी कागदावरच्या वॉशरवर बोट ठेवलं. "उद्या तू चल. तू सांग त्यांना."

गुरुवारी दुपारी काकांच्या माडीवर वीस-एक माणसं भिंतीला टेकून बसली होती. उजवीकडे वरचं गाव, डावीकडे खालचं. दहा बंदुका काकांच्या मागे कोपऱ्यात उभ्या. नाजीनं आपल्या गठ्ठ्यातली सगळ्यात लालसर, कोवळी जुडी निवडली आणि काकांच्या मांडीवर टाकली.

काकांनी ती उचलून बाजूच्या उशीवर ठेवली.

हुक्क्याची गुडगुड थांबली.

"गालिबचा गोड लागला वाटतं," नाजी हळू आवाजात म्हणाला. "आमचा कडू."

"माझा जबडा अडकलाय, नाजी."

"बरोबर माझ्याच पाळीला?"

मी कानापुढचं टक, सांधा, चकती, सहा आठवडे असं घाईघाईत सांगायला लागलो. नाजीच्या मागून एक जण म्हणाला, "डॉक्टरची आई कुठली रे?"

"बैत रुझैकची," दुसऱ्यानं उत्तर दिलं. "मामाकडून फी मिळाली असेल."

डावी बाजू हसली. आई वरच्या गावची आहे हे खरंच होतं, आणि ते कुणी काढेल हे ना माझ्या ध्यानात आलं होतं, ना काकांच्या.

काकांनी तोंडात बोटं घालून दाखवली. दोन.

"असं तर मीही करतो," नाजी म्हणाला. त्यानं कोपऱ्यातल्या बंदुकांकडे पाहिलं. "आमच्या पाच आम्हाला दे, मुकबिल. सूर्यास्ताची वाट कशाला बघायची?"

उजवीकडचे दोघं गुडघ्यांवर आले. काकांच्या कानाखालचा स्नायू टरारून वर आलेला मला दिसला. दात आवळले होते. मी त्यांच्याकडे बघून जिभेनं टाळूला स्पर्श केल्यासारखं केलं. त्यांनी श्वास सोडला, गाल सैल झाला.

"गालिब," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं. "नाजीचा पाला माझ्या वाटचा आहे. मला चावता येत नाही. आज तू माझं तोंड हो."

शेख गालिबचा गाल स्वतःच्या पाल्यानं फुगलेला होता. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी? याचा?"

"आमच्या पोराच्या मांडीत गोळी घालणाऱ्यांचा पाला?" त्याच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

ज्याचा पाला गालात आहे, त्याच्यावर त्या दिवशी हात उचलायचा नाही, एवढी लाज आमच्या डोंगरात अजून उरली आहे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती.

"नाही खाणार तो," नाजी म्हणाला. पण तो आता बंदुकांकडे बघत नव्हता.

खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर सरकलं होतं. गालिबनं पिकदाणी जवळ ओढली, गालातला सगळा पाला तिच्यात टाकला, पाण्यानं चूळ भरली. हात पुढे केला. काकांनी उशीवरची जुडी त्याच्या हातात दिली. त्यानं एक पान खुडलं, पुसलं, तोंडात घातलं आणि चावू लागला.

"कडू आहे का?" काकांनी विचारलं.

"बरा आहे," गालिब नाइलाजानं म्हणाला. "आमच्याइतका नाही."

पहिल्यांदा दोन्ही बाजू हसल्या.

काका तीन तास ऐकत राहिले आणि मी त्यांच्या कानाखाली नजर ठेवून होतो. सूर्य कड्यापलीकडे जायच्या आधी त्यांनी निवाडा सांगितला. पहाटेपासून दुपारपर्यंत पंप वरच्या गावाचा, दुपारनंतर खालच्याचा. जखमी पोरगा चालायला लागेपर्यंत त्याचं शेत अल-महजरनं नांगरून, पेरून द्यायचं. पंपाची किल्ली काकांकडे. मोजून सहा-सात वाक्यं, अर्ध्या उघडलेल्या तोंडातून. सगळी माडी ती ऐकायला पुढे वाकून बसली होती.

गालिबनं मान डोलावली. नाजीनं वेळ घेतला. कमरेचा जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, म्यानासकट काढून त्यानं काकांपुढे ठेवला. मान्य आहे, हे सांगायची आमच्याकडची रीत तीच.

जिन्यावर नाजीनं मला गाठलं. खांद्यावर परत मिळालेली बंदूक, आवाज खाली. "डॉक्टर, कानापुढे टक वाजतं म्हणालास ना, ते... माझंही वाजतं."

"कधीपासून?"

त्यानं वर माडीकडे पाहिलं. "विहिरीचं सुरू झालं तेव्हापासून."

"बोटं घाला बघू. उभी."

त्यानं बंदूक भिंतीला टेकवली आणि तिथंच, पायरीवर उभ्या उभ्या, तोंड उघडलं. तीन बोटं गेली.

"अजून वेळ आहे," मी म्हटलं. "दात सोडून बसत जा."