आत्याचं अर्धं शेत

मी पदवीधर झालो तो निडीच्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. आमचं गाव महामार्गावरच्या खांब गावापासून आत, डोंगराच्या बाजूला. गावातली शाळा संपली तेव्हा वडिलांची ही थोरली बहीण आली, माझी कपड्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, "याला मी नेते. निडीवरनं रोह्याला गाडी हाय. शिकंल." पदवी हातात पडेपर्यंत मी तिच्याकडेच जेवलो.

आत्याला कुणी नवीन काही सांगितलं की ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. अर्धं करून बघायची. शेजारणीने सांगितलं, मासळीच्या कालवणात कोकमाऐवजी चिंच घालून बघ, तर चुलीवर दोन भांडी चढायची आणि मला दोन्ही चाखावी लागायची. दहावीनंतर मी विज्ञान घ्यावं की कला, यावर घरात बोलणं चाललं होतं. आत्याने मला काही दिवस दोन्ही वर्गांत बसायला लावलं. मी घाबरलो, तर म्हणाली, "बस गप. बसलेल्या पोराला कुनी उठवत नाय." खरंच कुणी उठवलं नाही.

पदवीनंतर मी शेतीचं शिकलो आणि कृषी खात्यात लागलो, तेव्हा आत्या एकटी राहत होती. भात कापून झालं की त्याच शेतात ती वाल करायची. आमच्याकडे वालाला पाणी देत नाहीत. जमिनीत उरलेली ओल आणि थंडीतलं दव, यावरच तो होतो. त्यासाठी आत्या सगळं शेत नांगरून घ्यायची आणि मग ढेकळं हाताने फोडत बसायची. त्या ढेकळांनी तिचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना. तिचा मुलगा सुरेशदादा पनवेलला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, आता पुरे. शेत राहू दे पडीक. माझ्याकडे चल." आत्या मला मात्र फोनवर म्हणाली, "तिथं मी दिवसभर करू काय रे? गॅलरीत उभी ऱ्हाऊ?"

मी रजा काढून गेलो. मी सुचवलं ते साधं होतं. सगळं शेत नांगरायचंच नाही. भाड्याच्या पॉवर टिलरची काही पाती काढायची, म्हणजे वालाच्या ओळीपुरते बारीक पट्टे मोकळे होतात. मधली भाताची धसकटं तशीच राहू द्यायची. ढेकळं फारशी निघत नाहीत आणि धसकटांखाली ओल टिकते. आत्याने ऐकून घेतलं, शेताच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "बांधाकडचं तुजं. वाटेकडचं माजं. माजं नांगरायचं."

मग तिलाच काहीतरी सुचलं आणि तिने बाजू बदलल्या. "तुजं लोकांना दिसू दे. हसतील तर तुला हसतील."

दोन्हीकडे वाल उगवला आणि मी कामावर परतलो. पुढे जे झालं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्याकडे भात निघालं की गुरं मोकळी सोडतात. नांगरलेलं शेत दिसलं की गुराखी समजतो, इथे पेरलंय. धसकटं उभी दिसली की समजतो, शेत मोकळं आहे. गावची गुरं राखणाऱ्या दिगूने माझी धसकटं बघितली आणि म्हशी आत घातल्या. आत्या पोचली तोवर वाटेकडच्या ओळी संपल्या होत्या.

"मला काय ठावं गो आत्या?" दिगू म्हणाला. "नांगर नाय फिरला, म्हटलं यंदा तू पनवेलला चाललीस."

"म्हशींना इचारलंस काय, वाल गोड हाय का?"

"तू भांड ना गो सरळ."

आत्या भांडली नाही. चूक गावाच्या रिवाजाची होती, दिगूची नव्हती, असं ती मला म्हणाली. मी पार खचलो होतो. सुरेशदादा तर म्हणालाच, "झाला ना प्रयोग?" आत्याने त्याला सांगितलं, "म्हशींनी खाल्लं ते पट्ट्याच्या नावावर घालू नको. रायलंय ते बघ." राहिलेल्या पट्ट्यांतला वाल नांगरलेल्या भागापेक्षा उशिरापर्यंत हिरवा होता. पण त्यात गवतही जास्त होतं, आणि ते बसून काढताना आत्याचे गुडघे दुखले. एकाला चांगलं म्हणावं तर दुसऱ्यावर अन्याय, असा तो हंगाम गेला.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्धं अर्धंच केलं. मात्र माझ्या भागाच्या चारी कडांनी नांगराचं एक तास, म्हणजे एकेरी चर, फिरवून घेतलं. तेवढ्याने दिगूच्या म्हशी बाहेर राहिल्या. सुरेशदादा सुट्टीला आला, शेंगा सोलून बघितल्या आणि म्हणाला, "बरं, अजून एक वर्ष."

आत्या फोनवर फार बोलत नाही. दोन वाक्यं झाली की "ठेव आता" म्हणते. पत्र मात्र ओसरीवर बसून सावकाश वाचते. यंदा भात कापायला आलं तेव्हा तिने विचारलं, "खांदा आता नांगरटीला पुरत नाय. सगळंच पट्ट्यावर करू का? तू सांगशील तसं." इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. मी हे पत्र पाठवलं.

प्रिय आत्यास,
सा. न.

पट्टेच कर. पण मी खात्रीने सांगतो असं समजू नकोस. पाऊस लांबला आणि शेत चिखलट राहिलं, तर पट्ट्यात बी कुजेल. तसं दिसलं तर पेरायला थोडी थांब. बांधाकडचा सखल तुकडा नांगरूनच घे, ढेकळं फोडायला माणूस लाव. गवत काढायला बसू नकोस. मी रजा टाकली आहे, ते मी काढीन.

आणखी एक. सुरेशदादाशी माझं बोलणं झालं. वाल चांगला झाला तर तू निडीला, नाही झाला तर पनवेलला, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, हे मी त्याला म्हणालो. तुला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "तूच विचार."

म्हणून विचारतो. वाल बुडाला तरी तुला तिथेच राहायचं आहे का? असेल तर तसं कळव. पेरणीच्या आधी कळव.

तुझा,
बाळू