गैरअर्जदार क्रमांक दोन

कोर्टात पुकारा झाला की माणसं आधी इकडेतिकडे बघतात, जणू नाव दुसऱ्याच कुणाचं आहे. सुनंदाबाईंचं तसं नव्हतं. शिपायाने 'गैरअर्जदार क्रमांक दोन' म्हणायचा अवकाश, त्या बाकावरून उठून हात वर करायच्या. "हो, मीच." क्रमांक एक म्हणजे त्यांचा नवरा. तो शेजारी मान खाली घालून बसलेला असे. मी समोरच्या बाजूची वकील, तरी दुपारी डब्यातली अर्धी भाकर मला काढून द्यायच्या त्याच.

गैरअर्जदारांच्या यादीत त्यांना मी घातलं नव्हतं, त्या स्वतःहून शिरल्या. मोफत कायदा सल्ल्याच्या टेबलावर तेव्हा माझी पाळी असायची. आर्वीकडच्या गावाहून पहिल्या एसटीने त्या आल्या, सोबत सहावीतली पुतणी, प्रांजली. ट्रकच्या अपघातात तिचे आईवडील गेले, हिचा पाय मोडला आणि वाकडाच जुळला. भरपाईचे पैसे ती अठराची होईपर्यंत बँकेत राहावेत, असा कोर्टाचा हुकूम होता. पालक काका, म्हणजे सुनंदाबाईंचा नवरा. पायाच्या ऑपरेशनसाठी म्हणून त्याने परवानगी घेतली आणि सगळी रक्कम काढली. ऑपरेशन झालंच नाही. घराला स्लॅब आला आणि दारात नवी मोटरसायकल.

"पैसे काढाच्या अर्जावर माह्यी बी सही हाय," मी फक्त नवऱ्याचं नाव घालते म्हणताच सुनंदाबाई म्हणाल्या. "यायनं सांगतलं पोट्टीच्या पायासाठी, म्या करून देल्ली. मंग माह्यं नाव काऊन नाई घालत?"

मी म्हटलं, तुम्ही साक्षीदार व्हा. तुमची तर फसवणूक झाली आहे.

"फसली मी. पाय त तिचा गेला ना?"

शेवटी हिंगणीच्या आजोबांच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या वडिलांच्या मार्फत अर्ज केला आणि नवराबायको दोघांना गैरअर्जदार केलं. खरं सांगते, मला तेव्हा ही बाई अतिशहाणी वाटली होती. रागच आला होता तिचा.

घाई पैशांची नव्हती, पायाची होती. हाड वाढतंय तोवरच ऑपरेशनचा उपयोग, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघांनी मिळून रक्कम भरावी हा हुकूम मिळेपर्यंत पोरगी आठवी पास झाली. वसुलीला गेलो तर काकाच्या नावावर काहीच निघेना. घर त्याच्या आईचं, मोटरसायकल मेव्हण्याची. बेलिफ गावात जाऊन चहा पिऊन परत आला.

मग सुनंदाबाईंनीच भरायला सुरुवात केली. कापूस वेचायची मजुरी, सोयाबीन सोंगायची मजुरी, जी हाती येईल ती दर तारखेला कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे भरायच्या आणि पावती मला दाखवायच्या. ऑपरेशनच्या खर्चापुढे ते काहीच नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, सासूने चूल वेगळी करून दिली होती. एकदा मी म्हटलं, यापेक्षा घरीच साठवा पोरीसाठी.

"घरी?" त्या हसल्या. "घरून त यायनं कवाच काढले असते. ह्या नाझरसायबाच्या हातून काई निघत नाई."

हसायच्या मात्र खूप. पुढची तारीख पडली की म्हणायच्या, "सरकारनं बायांचं तिकीट अर्धं केलं ना, ते माह्या तारखांसाठीच केलं." मी चिडलेली असले तरी हसू यायचं.

प्रांजली अठराची झाली आणि अर्ज तिचा स्वतःचा झाला. त्या तारखेला ती काकाच्या गाडीवर मागे बसून आली. काकांनी पैसे माझ्या पालनपोषणावर खर्च केले, माझी काही तक्रार नाही, असं तिने लिहून दिलं. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का. ती नाही म्हणाली. प्रकरण निकाली निघालं. तिची सोयरीक काका जुळवत होता, हे मला बाहेर आल्यावर कळलं. व्हरांड्यात मी तिला नको ते बोलले. सुनंदाबाईंनी माझा हात धरून मला बाजूला घेतलं.

"तिले काई म्हनू नका, वकीलताई. मंडपात बापाच्या जागी कोनी त उभं राह्यलं पाह्यजे तिच्या."

महिन्याभराने त्या पुन्हा कोर्टात आल्या. नाझरने पैसे घेतले नाहीत. प्रकरणच उरलं नव्हतं, कशात घेणार? आधी भरलेले प्रांजलीला मिळाले होते. ते पुढे कुठे गेले, हे मी विचारलं नाही.

"मंग आता म्या कुठं भरू?"

मी म्हटलं, आता ती सज्ञान आहे, तिच्याच हातात द्या.

"गेलती तिच्याकडं. हातच पुढं नाई केला तिनं. म्हने, काकू, तुह्या कोर्टापायी माह्यी सोयरीक मोडत होती, आता मले काई देऊ नको." बोलता बोलता त्यांनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. "पन पाय त अजून वाकडाच हाय ना, ताई."

मी 'हो' म्हटलं. त्या आर्वीच्या गाडीकडे निघून गेल्या आणि त्यानंतर मला कधी दिसल्या नाहीत.