मॉकच्या टाचा

टो-क्वा-वान वस्तीच्या बाजारात सुक-हान खारी मासळी विकायची आणि तिचा नवरा मॉक काम-शुई सिनेमात पोलीस असायचा. नायक पोलीस वेगळा. हा त्याच्या मागे तिसऱ्या रांगेत धावणारा. सव्वीस वर्षं धावला. नायक हुकूम सोडायचा, "मागचा दरवाजा धरा!" की रांगेतल्या आठ जणांनी टाचा जुळवून "येस सर!" म्हणायचं आणि सुटायचं. मॉकचं बोलणं ते एवढंच, तेही आठांत वाटलेलं.

म्हणून एकट्याला अख्खं वाक्य मिळालं, तेव्हा सुक-हानने बाजारभर सांगितलं. अतिरेक्यांना हुडकून काढायचा सिनेमा होता. बॉम्बवाला गच्चीच्या कोपऱ्यात सापडतो, नायक पिस्तूल रोखून ओरडतो, "हात वर! हलू नकोस!" तेव्हा बॉम्बवाल्याने म्हणायचं, "एक पाऊल टाकलंस तर बटण दाबीन!" बॉम्बवाला मॉक.

आठवडाभर त्याने ते घोटलं. दात घासताना, पेज ढवळताना, जिन्यात शेजारीण भेटली तरी.

"म्हाताऱ्या, दाब एकदाचं ते बटण," सुक-हान म्हणाली, "पेज बुडाला लागली."

"तू हस. पडद्यावर ऐकशील तेव्हा कळेल."

"मी एकटी कशाला? मासळीवाल्या तिघींना घेऊन येणार आहे."

चित्रीकरणाच्या दिवशी मॉकने नवे बूट घातले. नायक गरजला, "हात वर!" मॉकचे हात वर गेले, टाचा खाडकन जुळल्या आणि तोंडातून निघालं, "येस सर!"

गच्ची खदखदून हसली.

"कट!" दिग्दर्शक यिप म्हणाला. पोरगाच होता तो, मॉकच्या लेकाच्या वयाचा. "काका, आज तुम्ही पोलीस नाही."

"माहीत आहे हो मला!"

दुसऱ्यांदा त्याने पाय फाकवून ठेवले, ओठ चावून धरला. तरी "ये—" निसटलंच. तिसऱ्यांदा वाक्य आलं, नीट, दणक्यात. "एक पाऊल टाकलंस तर बटण दाबीन, सर!"

नायकाने पिस्तूल खाली केलं. "एवढा मान मला घरीसुद्धा मिळत नाही."

मॉक यिपजवळ जाऊन हळूच म्हणाला, "यांना जरा बेताने ओरडायला सांगा ना. तो हुकमाचा आवाज कानात शिरला की पाय माझं ऐकत नाहीत."

"काका, अतिरेक्याला काय कुरवाळून पकडायचं?"

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात. नऊ वेळा तेच झालं. उन्हं उतरायला लागली, आणि यिपने डोक्याला हात लावला. "याच्या तोंडाला काळं फडकं बांधा. वाक्य मागाहून दुसऱ्याच्या आवाजात भरू."

चेहरा गेला, वाक्य गेलं, उरलं ते मरण. नायकाने गोळी घातली, मॉक पडला. पडद्यावर मेलेल्याला पैसे घातलेलं लाल पाकीट द्यायचंच असतं, नाहीतर अवदसा त्याच्यामागून घरी येते. व्यवस्थापकाने पाकीट हातात कोंबलं.

"हे माझं झालं," मॉक म्हणाला. "वाक्य मेलं, त्याचं कुठंय?"

व्यवस्थापकाला काही कळलं नाही. घरी मॉकने पाकीट सुक-हानला दिलं, वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज ती बाजारात आणखी कुणाला तरी त्या वाक्याबद्दल सांगून यायची.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला सुक-हान, तिघी मासळीवाल्या आणि मधे मॉक, खुर्चीत रुतलेला. काळ्या फडक्यातला बॉम्बवाला एखाद्या पंचविशीतल्या पोराच्या भरदार आवाजात ते वाक्य गरजला.

"हा गं कुठला तुझा नवरा?" एक मासळीवाली म्हणाली. "आवाज बघ. तुझ्या म्हाताऱ्याचा घसा तर फुटक्या किटलीसारखा."

सुक-हानने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच्या खुर्चीची पाठ बघत होता. तिला काय समजायचं ते समजलं.

तेवढ्यात गोळी सुटली. बॉम्बवाला उताणा पडला, आणि पडल्या पडल्या मेलेल्याच्या टाचा खाडकन जुळल्या.

"तो बघा, तो बघा!" सुक-हान उभी राहून ओरडली. "माझाच तो! मरतानासुद्धा सलाम ठोकतोय मेला!"

अख्खं थेटर हसलं.

"बस खाली," मॉक दातओठ खात म्हणाला. "वाक्य माझं होतं. ते वाक्य माझं होतं, सुक-हान."

ती बसली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. पडद्यावर नायक जिन्याकडे वळून गरजला, "मागचा दरवाजा धरा!"

खुर्चीखाली खाडकन आवाज झाला. मॉकने खाली वाकून दोन्ही बूट काढले आणि सिनेमा संपेपर्यंत मांडीवर धरून बसला.