कॅमेऱ्यासमोरची पाठ

"ओ फोटूवाले, झाकण लावा त्याला!" मी कॅमेरा वर केला की मावशी असं ओरडायची आणि बरोबर मध्ये येऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. लातूरच्या आमच्या चर्चमध्ये तुम्ही कधी आला असाल, तर ती रुंद पाठ तुम्हीही पाहिली असेल.

आमच्या मंडळीत रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची रीत आहे. मावशी दर शनिवारी घरोघर फिरून ते पोत्यात गोळा करायची आणि ज्याची चूल थंड असेल त्याच्या घरी पोचवायची. जात-धर्म विचारायची नाही. द्यायची तीही मागच्या दाराने. "शेजारीण इचारली तर म्हणायचं, दळण आणलंय," एवढं मात्र बजावायची.

ती मूळची किल्लारीची. भूकंपात नवरा आणि लेकरू दोघंही गेली. मदतीचं ब्लँकेट घेताना कुणीतरी तिचा फोटो काढला आणि तो पुढे कॅलेंडरवर छापून आला. "लेकरू मातीत घालून आल्ते मी," ती मला एकदाच म्हणाली, "अन् त्यो म्हणला, बाई, जरा इकडं बघा."

ते ब्लँकेट तिने जिवापाड जपलं. मागे परदेशात कुठे भूकंप झाला, चर्चने मदत गोळा केली, तेव्हा ती ते धुऊन, घडी घालून घेऊन आली. "किल्लारीला हे तिकडूनच आल्तं. आता त्यान्ला थंडी वाजत आसंल." चर्चच्या कमिटीतले एक मोठे गृहस्थ हसले. जुनं चालत नाही म्हणाले. मावशीने ब्लँकेट परत नेलं. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

याच गृहस्थांनी मग नियम काढला. धान्य हवं असेल तर चर्चमध्ये येऊन तिथल्या फलकाखाली उभं राहून फोटो द्यायचा, देणगीदारांना पाठवायला. अहो, धान्य आमच्याच चुलीवरचं, त्यात देणगीदारांचा एक दाणा नव्हता! आणि फोटो काढणारा कोण, तर मी. माझी लाज कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

मावशी तापाने पडली होती त्या शनिवारी मी रेणापूरकडच्या एका विधवेचा फोटो काढला. आठवड्यात तो चौकात बॅनरवर झळकला. बाई धान्याला यायची बंद झाली.

मावशी ताप अंगावर घेऊन माझ्या स्टुडिओत आली. "उपाशी हाय ती. तुमी काढलाव न्हवं फोटू? मंग तुमीच जा धान्य घेऊन."

मी गेलो. दार उघडलं नाही.

मावशीने बॅनर फाडला. कमिटीने तिच्याकडून पोतं काढून घेतलं. "माझ्या घरची मूठ तर माझीच हाय की," म्हणत ती शनिवारी आपलं धान्य घेऊन त्या दाराशी बसू लागली. कितव्या शनिवारी दार उघडलं, ते तिने मला सांगितलं नाही.

या हिवाळ्यात मावशी गेली. कमिटीला श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो हवा होता. माझ्याकडे शेकडो निघाले, सगळ्यांत पाठ. "मग आता काढा की," ते गृहस्थ शवपेटीकडे बोट दाखवून म्हणाले. पेटीत मावशीच्या अंगावर तेच ब्लँकेट होतं. सवयीने माझा हात कॅमेऱ्याकडे गेला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ती विधवा उठली. शवपेटीच्या आणि माझ्या मध्ये आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं.